ओळंब्याच्या तीन नोंदी

प्रिय टिल्लू,

आता तुला टिल्लू म्हणायचं म्हणजे विनोदच आहे. दारातून वाकून आत येणाऱ्या, कपाळाला आठ्या घालून फिरणाऱ्या इंजिनियरला या नावाने हाक मारणारी जगात मी एकटीच उरले आहे, म्हणून हक्क सोडत नाही. तू म्हणशील, फोन हाताशी असताना आईने एवढी पानं खरडायचं काय काढलं? अरे, फोनवर तू मला बोलू कुठे देतोस? दोन वाक्यं झाली की तुझं ‘बरं, बरं’ सुरू होतं, आणि तिसऱ्या ‘बरं’ला हमखास कुणीतरी तुला आतून बोलावतं. पत्राला असं मध्येच तोडता येत नाही. म्हणून शेवटपर्यंत वाच. जेवता जेवता वाचू नकोस, आणि ऑफिसात तर मुळीच नको.

घरी सगळं जागच्या जागी आहे. मोरीतला नळ पुन्हा गळायला लागलाय. एवढ्या मोठ्या धरणाच्या अंगाला अंग लावून क्वार्टर, आणि गळतोय काय तर नळ! तीनदा सांगून झालं, प्लंबर ‘येतो येतो’ म्हणतो आणि गडप होतो. तुझ्या खोलीतल्या खिडकीचं तावदान मात्र बसवून घेतलं. पण खरी बातमी ही नव्हे. गेल्या बुधवारी साहेबांनी मला वर बोलावलं, एक कागद पुढे ठेवला आणि म्हणाले, सही करा. कागदावर आपल्या ओळंब्याच्या चौदा दिवसांच्या नोंदी होत्या. सगळ्या आधीच भरलेल्या, सगळ्या खोट्या. खाली माझ्या सहीपुरती जागा तेवढी कोरी होती. पुढच्या महिन्यात इथे मोठा समारंभ आहे, हे तुला माहीतच आहे. काठोकाठ भरलेलं धरण बघायला मोठमोठी माणसं येणार, त्यासाठी पाणी अजून दोन मीटर चढवायचं, आणि त्याच्या आड येतात माझे आकडे. त्या बुधवारी काय झालं ते सांगणारच आहे, पण मला जरा मागून यावं लागेल. तुझी आई सरळ मुद्द्यावर आली असं कधी झालंय का?

तुझे बाबा धरणाचे दरवाजे उघड-बंद करणाऱ्या टोळीत होते. ते गेल्यावर त्यांच्या जागी मला घेतलं, तेव्हा मी सव्वीस वर्षांची आणि तू अडीच वर्षांचा. ऑफिसात बसवून टपाल लिहायला देतील असं मला वाटलं होतं. दिली बॅटरी, रबरी बूट आणि एक म्हातारा. तो म्हातारा म्हणजे आपले कंदीलकाका. भिंतीच्या आत दिवे लागून दहा वर्षं झाली होती तरी ते हातात कंदील घेऊनच उतरायचे. म्हणायचे, दिवा जातो, कंदील जात नाही. पहिल्या दिवशी मी त्यांच्या मागे त्या चारशे बारा पायऱ्या उतरले आणि प्रत्येक पायरीला मनात म्हणत होते, उद्यापासून यायचं नाही. तोपर्यंत धरणाची भिंत म्हणजे मला भरीव काहीतरी वाटायची. तिच्या पोटात माणूस उभा राहील एवढा बोगदा आहे, तो या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, आत बारा महिने एकसारखा गारवा असतो, आणि डाव्या हाताला दोन-चार पुरुष जाडीचं काँक्रीट सोडलं की पलीकडे सगळं पाणीच पाणी आहे, हे कुणी सांगितलं नव्हतं. काकांनी माझा हात धरून त्या बाजूच्या भिंतीवर ठेवला. काहीच झालं नाही. ना आवाज, ना कंप. एवढं पाणी टेकून उभं आहे आणि भिंत ब्र काढत नाही, याचीच मला जास्त धास्ती वाटली.

मग त्यांनी मला ओळंबा दाखवला. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला दोरीला वजन बांधून सोडतो, तोच ओळंबा. फक्त इथे दोरीच्या जागी पोलादी तार, तीही अगदी वर, धरणाच्या माथ्याला बांधलेली. विहिरीसारख्या उभ्या पोकळीतून ती थेट खाली पायाशी येते. खालच्या टोकाला वीस किलोचं वजन, आणि ते तेलाच्या बादलीत बुडवलेलं, म्हणजे तार झुलायची नाही. माथा केसभर जरी कलला तरी खाली पितळी पट्टीवर तार सरकलेली दिसते. मी विचारलं, काका, भिंत कलते? ते म्हणाले, कलते म्हणजे काय, रोज कलते. पाणी चढलं की मागे रेलते, उतरलं की पुन्हा पुढे येते. दुपारी ऊन पाठीवर पडलं की पाण्याकडे झुकते. ते हे इतक्या सहज सांगत होते की घरातल्या म्हशीबद्दल बोलतायत असं वाटावं. मी मात्र जागच्या जागी खिळले. एवढा डोंगराएवढा दगड, आणि तो ऊन लागलं म्हणून हलतो! त्याचं हलणं बारा-पंधरा मिलिमीटरचं, बघायला भिंग लागतं, आणि ते बघण्याचं काम माझं. टिल्लू, एकतीस वर्षं झाली. गुडघे गेले, डोळ्याला चष्मा लागला, पण त्या तारेसमोर उभी राहिले की अजून माझ्या अंगावर काटा येतो. लोक आयुष्यात एकदा काहीतरी थोर बघायला लांब लांब जातात. मला ते रोज सकाळी दहाला बघायचा पगार मिळाला.

काम साधं, पण त्याची एक रीत आहे, आणि ती तुला पाठ आहे. भिंगाला डोळा लावायचा, खूण तारेवर आणायची, आकडा लिहायचा. मग खूण मुद्दाम दूर ढकलायची, डोळा उचलायचा, एक श्वास घ्यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. असं तीनदा. तीन आकडे तीन रकान्यांत, आणि मधला तो त्या दिवसाचा; वर साहेबांना रोज तो एकच कळवायचा. तू दहा वर्षांचा झालास तेव्हा तुला पहिल्यांदा खाली नेलं. शाळेत पोरं तुला ‘भिंतीतल्या बाईचा मुलगा’ म्हणून चिडवायची आणि तू रडत घरी यायचास, म्हणून नेलं. म्हटलं, एकदा बघू दे आपली आई कसली बाई आहे. तू तारेसमोर उभा राहिलास आणि कितीतरी वेळ बोललाच नाहीस. तुझी बडबड थांबलेली मी त्या दिवशीच पहिल्यांदा पाहिली. मग अगदी हळू आवाजात विचारलंस, आई, हिला कळतं का आपण बघतोय ते? त्यानंतर सुट्टी असली की तू बुटांत पाय घालून माझ्या आधी दारात. वहीच्या मागच्या पानांवर शिसपेन्सिलीने तू घेतलेल्या नोंदी अजून आहेत. तुझा नऊ उलटा पडायचा, पण डोळा माझ्याहून चांगला होता.

तुझ्या तापाच्या दिवसाची गोष्टही तिथेच, तारेसमोर तुला सांगितली होती. नोकरीचं दुसरं वर्ष. तू तापाने फणफणला होतास, शेजारच्या काकू गावाला गेलेल्या, आणि तुला मांडीवरून खाली ठेवलं की तू कळवळायचास. मी उतरलेच नाही. आदल्या दिवशी नऊ पूर्णांक तीन आलं होतं. भिंत एका दिवसात पळून थोडीच जाणार, असं म्हणून मी घरी बसून तिन्ही रकान्यांत नऊ पूर्णांक तीन लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी काकांनी वही उघडली, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, पोरी, काल तू खाली गेली नव्हतीस. तुम्हाला कसं कळलं, म्हटलं. ते म्हणाले, माणसाचा डोळा तीनदा सारखं बघत नाही. पापणी लवते, श्वास हलतो, बोट केसभर पुढे-मागे होतं. खऱ्या नोंदीत एक दशांश इकडे नाहीतर तिकडे होणारच. तीन आकडे तंतोतंत जुळले म्हणजे ते डोळ्याने पाहिलेले नाहीत, हाताने लिहिलेले आहेत.

नोकरी गेलीच असं धरून मी रडायला लागले. ते रागावले नाहीत. आकड्यांवरून त्यांनी एकच रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि पुढे माझ्याकडून दोन शब्द लिहून घेतले: घेतली नाही. खाली माझी सही. म्हणाले, पोर आजारी होतं, नोंद घेतली नाही, यात लाजायचं काय? न पाहिलेलं पाहिलं म्हणून लिहिलंस, त्याची लाज वाटू दे. मग विचारलं, ताप किती आहे? आणि स्वतःच्या डब्यातली पेज तुझ्यासाठी पाठवली. ते पान अजून वहीत आहे. माणूस घसरला तरी त्याला पुन्हा उभं राहता यावं, इतकी जागा त्या दोन शब्दांत त्यांनी मला करून दिली. ते गेले त्यालाही आता चौदा वर्षं झाली. मी मात्र एवढ्या वर्षांत दुसऱ्यांदा तसं काही लिहिलं नाही. माझ्या नोंदी अशा कोऱ्या राहिल्या त्या सहा दिवस. त्यातला एक दिवस कंदीलकाका गेले तो.

आता या वर्षाचं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं तेव्हा भिंत नेहमीसारखी पुढे यायला हवी होती. आली, पण पूर्ण आली नाही. दोन मिलिमीटर मागेच राहिली. मला वाटलं, माझाच डोळा चुकतोय. चष्म्याचा नंबर तपासून आले, दुसरं भिंग लावून पाहिलं, तेलाच्या बादलीत काही अडकलंय का तेही पाहिलं. काही नाही. मग पाणी चढायला लागलं आणि तार सरकत निघाली. या पातळीला दरवर्षी बारा-साडेबाराच्या घरात असते, यंदा सतरा. सोळावर लाल रेघ आहे. ती ओलांडली की पाणी चढवायचं थांबवून तपासणी समितीला कळवायचं, हा नियम. मी रोज लिहीत होते, साहेब रोज वाचत होते, आणि दरवाजे बंद ते बंदच. एकदा तर तारेसमोर मला तिसरी नोंद घ्यायला पंधरा मिनिटं लागली. भीती होतीच. पण खोटं कशाला सांगू, भीतीपेक्षा जास्त काहीतरी होतं. एवढी अजस्र भिंत, आणि आपलं दुखणं ती कुणाला सांगते, तर भिंग घेऊन उभ्या असलेल्या एका म्हातारीला.

याच दिवसांत तुझा फोन आला होता. आठवतं? रविवार नव्हता, कुणाचा वाढदिवस नव्हता, तरी तू फोन केलास आणि चक्क वीस मिनिटं बोललास. गुडघ्यांची चौकशी केलीस. मग मध्येच विचारलंस, आई, अजून तीनदाच बघतेस का गं? आणि तीन आकड्यांत फरक किती पडतो हल्ली, एक दशांश की दोन? मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, मुख्य कचेरीत मोठ्या खुर्चीवर बसला, पण पोराला आपली तार आठवते. फोन ठेवल्यावर मी एकटीच हसत बसले होते.

तर तो बुधवार. साहेबांनी स्वतः उठून माझ्यासाठी खुर्ची ओढली, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी वेगळं आहे. चहा मागवला, बिस्किटं मागवली. मग म्हणाले, बाई, मला तरी कुठे हौस आहे? वरून आलंय. चौदा दिवस आकडे लाल रेघेखाली दिसले की परवानगी मिळते, समारंभ झाला की मी स्वतः पाणी उतरवतो, मग शांतपणे काय ती दुरुस्ती करू. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. वाईट माणूस नाही तो, टिल्लू. घाबरलेला माणूस आहे. मलाही त्यांनी घाबरवलं नाही, समजावलं. तुमची आठ महिन्यांची नोकरी उरली, क्वार्टर आहे, कशाला शेवटी वाकडं घेता? आणि खरं सांगू? मी पेन उचललं. टोपण काढलं. माझ्या एका सहीने असं काय आभाळ कोसळणार आहे, हेही मनात येऊन गेलं. तू मला फार मोठी समजू नयेस म्हणून लिहितेय. सही करायला मी तयार होते.

मग सवयीने कागद वरून खाली वाचला, आणि हात तिथेच थांबला. का थांबला ते शेवटी लिहिते, आत्ता लिहिलं तर पुढचं तू वाचणार नाहीस. मी पेनाला टोपण लावलं आणि म्हटलं, साहेब, या नोंदी मी घेतलेल्या नाहीत. त्यांना वाटलं मला नीट कळलं नाही, म्हणून पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं. मीही पुन्हा तेच म्हटलं. मग ते चिडले. म्हणाले, तुम्हाला काय, भिंत पडणार आहे असं वाटतं? मी म्हटलं, ठाऊक नाही. तिला काही होणारही नाही कदाचित. ते ठरवायला तुम्ही आहात, समिती आहे, शिकलेली माणसं आहेत. मला एवढंच ठाऊक आहे की तार सतरावर आहे. ती बारावर आहे असं लिहिलं तर उद्या खाली काय बघायला जाऊ? साहेब खिडकीतून खालच्या गावाकडे बघत राहिले. शाळा सुटली होती, मैदानावर पोरं चेंडू खेळत होती, कुणीतरी गच्चीवर चादरी वाळत घालत होतं. मग त्यांनी विचारलं, बाई, पायऱ्या किती आहेत हो? मी सांगितलं, चारशे बारा. ते म्हणाले, अकरा महिने झाले मला इथे येऊन, मी एकदाही उतरलो नाही. कागद त्यांनी परत घेतला नाही. माझ्याकडे ढकलला आणि म्हणाले, हा मी पाहिलेला नाही, तुम्हीही पाहिलेला नाही. पण बाई, आता मी तुम्हाला वाचवू शकणार नाही.

मी तशीच खाली उतरले. दहाची वेळ कधीच टळून गेली होती. माझं बघायचं तर सगळं आयुष्य मान डोलावत गेलेलं. दुकानदाराने जुना माल दिला तरी घेते, प्लंबर ‘उद्या’ म्हणाला तरी मान डोलावते. आणि त्या खोलीत ‘नाही’ म्हणणारा आवाज माझा होता. मोठा नव्हता, पण माझाच. तो इतकी वर्षं कुठे होता, कशावर जगत होता, मला खरंच कळत नाही. तारेसमोर उभी राहिले, तीनदा पाहिलं. सतरा पूर्णांक सहा, चार, पाच. लिहिलं. मग काकांनी पहिल्या दिवशी ठेवायला लावला होता तिथे भिंतीवर हात ठेवला आणि बराच वेळ उभी राहिले. तेव्हासारखंच काही झालं नाही. ना आवाज, ना कंप. एवढं सगळं अंगावर घेऊन ती उभी होती.

दुसऱ्या दिवशी खऱ्या चौदा दिवसांच्या नोंदींची प्रत मी स्वतः टपालात टाकली, सरळ तपासणी समितीच्या पत्त्यावर. नोंद घेणाऱ्याने एक प्रत आपल्या हाताने समितीला पाठवायची, हा जुना नियम आहे. सगळे विसरले होते, मला काकांनी विसरू दिलं नव्हतं. आज सकाळी समितीचा फोन आला. पाणी आहे तिथेच रोखून धरायला सांगितलंय, आणि गुरुवारी ते स्वतः येणार आहेत. साहेबांना बोलावणार, मला बोलावणार. दुपारी साहेब वाटेत भेटले, मान खाली घालून गेले. क्वार्टरचं काय होईल ते होईल. आठ महिन्यांचंही बघू.

आता पेन का थांबलं ते. टिल्लू, मी कागद वाचला तेव्हा एक क्षण मला वाटलं, या माझ्याच नोंदी आहेत, मी गेल्या वर्षी घेतलेल्या. बारा पूर्णांक तीन, पाच, चार. बारा पूर्णांक चार, दोन, चार. चौदाच्या चौदा दिवस, कुठेही तीन आकडे जुळलेले नाहीत. पापणी लवलेली, श्वास हललेला, सगळं होतं. इतकं खरं वाटणारं खोटं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. साहेब ते करू शकले नसते, त्यांनी भिंग पाहिलेलं नाही. मुख्य कचेरीत कुणीही करू शकलं नसतं. त्यांनी बारा, बारा, बारा लिहून पाठवलं असतं. माणसाचा डोळा तीनदा सारखं बघत नाही हे या जगात तिघांना ठाऊक होतं. एक गेले. एक मी. तापाची गोष्ट ऐकून तू काय म्हणाला होतास, आठवतं का तुला? म्हणाला होतास, मग तू तीन वेगवेगळे लिहायचेस ना आई, काकांना कळलंच नसतं. मी हसत सुटले होते आणि रात्री काकांना कौतुकाने सांगितलं होतं. ते हसले नव्हते. कागद या पत्रासोबत तुला परत पाठवतेय. त्यावर एकच रेघ मारली आहे, खालचं वाचता येईल अशी. कुणालाही दाखवलेला नाही. पण गुरुवारी समितीने मला विचारलं की हा कागद कुणी तयार केला असेल, बाई, तर मी खोटं बोलणार नाही. साहेबांसमोर बोलले नाही, तुझ्यासाठीही बोलता येणार नाही. म्हणून हे पत्र. तुला सोमवारी मिळेल, म्हणजे मधे तीन दिवस आहेत. त्यांनी मला विचारायच्या आधी तू त्यांना सांग, बाळा. रेघेपुढची जागा मी कोरी ठेवली आहे. काय लिहायचं ते तुला ठाऊक आहे, दोनच शब्द आहेत, आणि खाली सही. तुझ्यावर रागावले आहे का, तर हो, रागावले आहे. तरी तुझी खोली झाडून ठेवली आहे. बुधवारी ये. सकाळी दहाला दोघं खाली उतरू, तू बघ, मी लिहून घेते. फक्त पायऱ्या उतरताना मला हल्ली मध्ये दोनदा बसावं लागतं. तू पुढे निघून जाऊ नकोस, थांब.

तारेपाशीही आणि दारापाशीही तुझीच,
आई